आफ्रिकेत काय पेरायचं हे ठरवतं कोण? (आणि आपली तूर त्यात कुठे येते)

प्रश्न थोडक्यात असा होता की आफ्रिकेत एवढी जमीन, एवढ्या नद्या, एवढी तरुण माणसं, तरी हे देश धान्य बाहेरून का आणतात, यामागे खरंच अमेरिका, युरोप, बिल गेट्स वगैरेंचा हात आहे की सगळं व्हॉट्सअ‍ॅपी ज्ञान आहे, आणि शेवटी हळूच विचारलंय की तिकडे जमीन लीजवर घेऊन शेती करावी का. मी बियाणं आणि कडधान्याच्या कामात मलावी, मोझांबिक, टांझानिया या पट्ट्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे तिथलं जरा खोलात सांगतो, पश्चिम आफ्रिकेबद्दल जे लिहीन ते वाचून आणि तिथल्या सहकाऱ्यांकडून कळलेलं आहे. उत्तर लांब होणार, चहा घेऊन बसा.

हात आहे का? आहे. पण लोकांना वाटतो तसा नाही, म्हणजे कोणी गोरा साहेब येऊन अमुक पेरा, तमुक पेरू नका असं सांगत नाही. कर्जाच्या कागदात एखादी अट असते, बियाणे कायद्यात एखादं कलम असतं, किंवा तिसऱ्याच देशाच्या वाणिज्य मंत्रालयाचं एक नोटिफिकेशन संध्याकाळी निघतं आणि सकाळी पाच हजार किलोमीटरवरच्या गावात भाव पडलेला असतो. आणि तो तिसरा देश बऱ्याचदा आपणच असतो, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही, त्यावर खाली येतोच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. अन्नसुरक्षा आणि अन्न सार्वभौमत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटाला मिळालं की अन्नसुरक्षा झाली, मग ते धान्य युक्रेनचं असो नाहीतर व्हिएतनामचं. सार्वभौमत्वाची मागणी वेगळी आहे: काय पिकवायचं, बियाणं कुणाच्या मालकीचं, गोदामात साठा किती ठेवायचा, आयात कधी अडवायची, हे ठरवायचा हक्क आमच्याकडे हवा. ही भाषा १९९६ साली ‘ला व्हिया कॅम्पेसिना’ या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने पुढे आणली, २००७ मध्ये मालीत सेलिंगे इथे मोठी परिषद झाली, तिला न्येलेनी या तिथल्या लोककथेतल्या शेतकरी बाईचं नाव दिलं, आणि मालीने तर त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, आपल्या शेती कायद्यातच हे तत्त्व घालून टाकलं होतं. म्हणजे हे युरोपातल्या एनजीओंचं फॅड आहे असं जे म्हणतात ते बरोबर नाही. आणि याचा अर्थ सगळं धान्य स्वतःच पिकवायचं असाही नाही. आपण स्वतः खाद्यतेल ढीगभर आयात करतो, पण ड्युटी वाढवायची की कमी करायची हे दिल्लीत ठरतं. खरा मुद्दा एवढाच आहे.

आता मलावी घ्या, कारण सगळा खेळ एका छोट्या देशात बघायचा तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. देशाचं मुख्य अन्न मका, त्याच्या पिठाची घट्ट उकड म्हणजे न्सिमा, ती नसेल तर माणूस जेवलोच नाही म्हणतो, बाकी कितीही खाल्लं तरी. पाऊस वर्षातून एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल, आणि घरोघरी एक हेक्टरच्या आतबाहेर जमीन. डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने, जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात उभा. अशा देशात सरकारी गोदाम आणि सरकारी खरेदी केंद्र हे किती जिव्हाळ्याचं प्रकरण असेल ते महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथे ते काम अ‍ॅडमार्क नावाचं सरकारी महामंडळ करायचं, १९७१ पासून. आडगावातसुद्धा त्याचा डेपो, तिथे खत मिळायचं, मका विकता यायचा आणि टंचाईत विकतही मिळायचा. भ्रष्टाचार होता, तोटा होता, सगळं खरं, पण डेपो होता.

१९८१ पासून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जांबरोबर स्ट्रक्चरल अ‍ॅडजस्टमेंट आलं. सबसिडी कमी करा, भाव खुले करा, डेपो बंद करा, खासगी व्यापारी ती जागा भरतील. आता व्यापारी हमरस्त्यावर आला, आडगावात कशाला जाईल? नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत खताची सबसिडी गेली, चलन घसरलं, खत महाग झालं, मक्याचं उत्पन्न खाली. १९९८ मध्ये स्टार्टर पॅक नावाची साधी योजना निघाली, प्रत्येक कुटुंबाला गुंठा-दहा गुंठ्यापुरतं बी आणि खताची छोटी पिशवी, आणि ती चालली, दोन वर्षं पीक उत्तम आलं. तर देणगीदारांना, म्हणजे मदतीचा पैसा देणाऱ्या परदेशी सरकारांना आणि संस्थांना, ते परवडेना आणि पटेनाही, म्हणून २००० पासून ती फक्त ‘गरजूंपुरती’ करून कापली.

मग २००१-०२ झालं. तिथे राष्ट्रीय धान्य साठ्याची एजन्सी १९९९ मध्ये उभी केली होती आणि तिने मका चक्क कर्ज काढून भरला होता, साधारण १ लाख ६५ हजार टन. सल्ला आला की एवढा साठा परवडणारा नाही, ३० ते ६० हजार टनांवर आणा, बाकी विकून कर्ज फेडा. सरकारने जवळजवळ सगळाच विकला. पुढच्या हंगामात पीक कमी आलं, बाहेरून आणायला उशीर झाला, मक्याचे भाव कित्येक पट चढले आणि माणसं मेली, शेकड्यांनी मेली हे तरी सगळेच मान्य करतात. नाणेनिधीने नंतर सांगितलं की आम्ही ‘विका’ असा हुकूम दिला नव्हता, आकडा युरोपियन कमिशनने करून घेतलेल्या अभ्यासातला होता. कागदावर कदाचित बरोबरच असेल. पण कर्ज देणाऱ्याचा ‘सल्ला’ म्हणजे काय हे ज्याच्या घरी सावकार येऊन गेलाय त्याला विचारा. आणि हेही तितकंच खरं की विकलेला बराचसा मका राजकीय लागेबांधे असलेल्या स्थानिक व्यापाऱ्यांनी स्वस्तात उचलला आणि दाबून ठेवून महागात विकला. म्हणजे बाहेरच्यांनी दार उघडलं आणि घरच्यांनी घर लुटलं, दोन्ही एकाच वेळी. नुसतं एकालाच शिव्या देणारी पोस्ट दिसली की मी पुढे स्क्रोल करतो.

२००४-०५ ला पुन्हा दुष्काळ, आणि यावेळी राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांनी देणगीदारांचं न ऐकता खताची सबसिडी परत सुरू केली. कूपनवर दोन गोणी, एक पेरणीवेळची आणि एक युरियाची, शिवाय मक्याचं बी. सुरुवातीला कोणी पैसा दिला नाही, स्वतःच्या बजेटमधून केलं. पाऊसही साथीला होता. २००६ आणि २००७ ला भरघोस पीक आलं, इतकं की मका झिम्बाब्वेला विकला. मग तेच देणगीदार ‘मलावी मॉडेल’ म्हणत भेटीला यायला लागले. सरकारी उत्पादनाचे आकडे फुगवलेले होते असं बरेच अभ्यासक म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं, पण त्या वर्षांत उपासमारीचे महिने आखूड झाले होते हे कोणत्याही गावात ऐकायला मिळायचं.

पण इथे थांबलं तर गोष्ट फारच गोड होते. खत येतं कुठून? सगळं बाहेरून, डॉलर देऊन. डॉलर येतात तंबाखू विकून. २००८-०९ ला खताच्या किमती चढल्या तेव्हा या एका योजनेने सरकारच्या एकूण बजेटचा सहावा हिस्सा खाल्ला होता. पुढे २०२२ मध्ये युक्रेन युद्ध, खत आवाक्याबाहेर, डॉलर गायब, पेट्रोलला रांगा, नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, ४४ टक्के अवमूल्यन, आणि पुन्हा त्याच नाणेनिधीच्या दारात. म्हणजे मक्यासाठी परावलंबन नको म्हणून खताचं परावलंबन घेतलं. हे आपल्याला परकं नाही, डीएपीच्या रांगा आपल्याकडेही लागतात, फरक एवढाच की आपल्याकडे परकीय चलनाची गंगाजळी आहे. जाता जाता, नायजेरियात उद्योगपती डांगोटेचा वर्षाला ३० लाख टन युरियाचा कारखाना २०२२ ला सुरू झाला, तर त्यातला माल ब्राझीलला जातो, कारण ब्राझील रोख मोजतो आणि शेजारच्या देशांत बंदर ते शेत हा रस्ताच इतका महाग की गोणी पोचेपर्यंत भाव दुप्पट. खंडातल्या खंडात माल फिरत नाही, हे दुखणं परदेशी हाताइतकंच मोठं आहे.

बियाणं हा माझा स्वतःचा विषय, त्यामुळे इथे थोडं वाहवत जाईन. मलावीतल्या बाया मका निवडताना काय बघतात माहितीये? उखळात कांडला की पीठ किती पांढरं येतं, आणि कणगीत भुंगा किती लवकर लागतो. गावरान मक्याचा दाणा काचेसारखा टणक, त्याला भुंगा उशिरा लागतो. कंपन्यांची बहुतेक हायब्रीड मऊ दाण्याची, शेतात जास्त, घरात कमी. राजधानी लिलाँग्वेजवळच्या चितेझे संशोधन केंद्रातल्या मलावीच्याच ब्रीडर, म्हणजे नवे वाण काढणाऱ्या, लोकांनी हे ओळखून १९९० मध्ये एमएच १७ आणि एमएच १८ ही टणक दाण्याकडे झुकणारी हायब्रीड काढली, आणि शेतकऱ्यांनी ती उचलली. माझ्या मते या देशातलं स्वयंनिर्णयाचं सगळ्यात चांगलं काम ते होतं, कसलं भाषण नाही, घोषणा नाही, लोकांना काय हवं ते विचारून वाण काढला. पण त्यानंतर सरकारी संशोधनाला पैसाच राहिला नाही, सरकारी बियाणे कंपनी आधी कारगिल या अमेरिकी कंपनीकडे गेली, कारगिलचा अमेरिकेबाहेरचा बियाणे धंदा १९९८ मध्ये मोन्सँटोने घेतला, आणि मोन्सँटो २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरच्या पोटात गेली. सबसिडीच्या कूपनवर जे हायब्रीड वाटलं गेलं त्यातलं बरंच अशा कंपन्यांचं. म्हणजे सरकारने पैसे मोजले, कंपनीला हमखास गिऱ्हाईक मिळालं, आणि शेतकरी दरवर्षी कूपनची वाट बघायला लागला.

कायद्याचं प्रकरण तर याहून बारीक आहे. युपोव्ह नावाचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, नव्या वाणावर ब्रीडरचा हक्क राखणारा. त्याची १९९१ ची आवृत्ती कडक आहे, संरक्षित वाणाचं घरचं बी ठेवण्यावरही मर्यादा येतात आणि शेजाऱ्याला देणं-विकणं तर जवळजवळ बादच. २००० मध्ये आफ्रिकी एकता संघटनेने स्वतःचा नमुना कायदा तयार केला होता, शेतकऱ्याचे हक्क आधी आणि ब्रीडरचे नंतर अशा धाटणीचा. तो कपाटात राहिला. २०१४ मध्ये फ्रेंच भाषक देशांची ओएपीआय ही संघटना एका झटक्यात युपोव्हमध्ये गेली, २०१५ मध्ये इंग्रजी भाषक देशांच्या गटाने अरुशा प्रोटोकॉल केला तोही त्याच साच्याचा, टांझानिया त्याच वर्षी सदस्य झाला. यातल्या बऱ्याच देशांत ८० टक्क्यांच्या आसपास बी शेतकरी-शेतकऱ्यांतच फिरतं, बाजारातून येतच नाही, आणि कायदा लिहिला जातो तो उरलेल्यांसाठी. केनियात २०१२ च्या बियाणे कायद्याने नोंदणी नसलेलं बी विकलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १० लाख शिलिंगपर्यंत दंड ठेवला होता. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांचा एक गट २०२२ मध्ये कोर्टात गेला आणि २०२५ च्या शेवटी शेवटी हायकोर्टाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लढलेही तिथलेच आणि न्यायही तिथल्याच कोर्टाने दिला.

इथे आपल्या देशाचं कौतुक करायला हरकत नाही. आपला २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, त्यात कलम ३९ मध्ये साफ लिहिलंय की शेतकरी संरक्षित वाणाचंही बी ठेवू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडच्या नावाने पाकिटात भरून विकायचं नाही. आपण युपोव्हमध्ये गेलेलो नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना बियाणं जपलं म्हणून पद्मश्री मिळते, आणि तेच काम व्यापाराच्या पातळीवर एखादी केनियन बाई करायला गेली असती तर कालपरवापर्यंत तिला कैदेची भीती होती. मी तिकडच्या अधिकाऱ्यांना कलम ३९ बद्दल सांगितलं की ते टिपून घ्यायचे आणि मग म्हणायचे, कायद्याचा मसुदा प्रोजेक्टच्या कन्सल्टंटने केलाय, आता बदलता येणार नाही.

आता गेट्स. ‘आग्रा’ म्हणजे आफ्रिकेतल्या हरितक्रांतीची आघाडी, २००६ मध्ये रॉकफेलर आणि गेट्स फाउंडेशनने सुरू केली, ऑफिस नैरोबीत, पहिले अध्यक्ष कोफी अन्नान. उद्दिष्ट जबरदस्त होतं, २०२० पर्यंत कोट्यवधी शेतकरी कुटुंबांचं उत्पन्न दुप्पट आणि उपासमार निम्मी. २०२० आलं तेव्हा टफ्ट्स विद्यापीठातल्या एका अभ्यासाने दाखवलं की आग्राच्या १३ देशांत मुख्य पिकांचं हेक्टरी उत्पादन बारा वर्षांत १८ टक्केच वाढलं आणि कुपोषितांची संख्या उलट ३० टक्के वाढली. आग्राने हा अभ्यास मान्य केला नाही, पद्धत चुकीची म्हटलं, पण २०२२ मध्ये स्वतःच्या नावातून ‘हरितक्रांती’ काढून टाकलं. माझा अनुभव विचाराल तर त्यांच्या पैशातून तालुक्याच्या गावी खत-बियाण्याची दुकानं आली, काही स्थानिक छोट्या बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या, हे चांगलंच झालं. बिघडलं कुठे, तर मका सोडून दुसरं काही दिसेनाच. ज्वारी, नाचणी, बाजरी, चवळी, कसावा, जे दुष्काळात माणसाला जगवतं ते सगळं ‘जुनं’ झालं. पंजाबात जे जमलं त्याच्या मागे कालवे, हमीभाव आणि सरकारी खरेदी होती, ते तिन्ही वजा करून नुसतं हायब्रीड आणि युरिया दिलं तर काय होणार?

कोंबडी आणि तांदळाबद्दल थोडक्यात. युरोपात लोक छातीचं मांस खातात, मग तंगड्या आणि बाकीचे तुकडे गोठवून पश्चिम आफ्रिकेत उतरतात, भाव असा की स्थानिक कोंबडीवाला त्या भावात खाद्यही घेऊ शकत नाही. घानाच्या संसदेने २००३ मध्ये आयात कोंबडीवरची ड्युटी २० वरून ४० टक्के केली, रीतसर कायदा करून. काही दिवसांतच अंमलबजावणी थांबली, नाणेनिधीशी चर्चेनंतर. पोल्ट्रीवाले कोर्टात गेले, २००५ मध्ये जिंकलेही, तर सरकारने कायदाच बदलून टाकला. संसदेने केलेला कायदा, कोर्टाने उचलून धरलेला, आणि तरी लागू झाला नाही, परदेशी दबाव म्हणजे काय याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. पण कॅमेरूनने २००६ मध्ये गोठवलेल्या कोंबडीची आयात बंदच केली आणि तिथला पोल्ट्रीचा धंदा उभा राहिला, तेव्हा ‘काहीच करता येत नाही’ हेही खरं नाही.

सेनेगलची कथा जुनी आहे. फ्रेंचांनी तिथे भुईमूग लावायला लावला, तेलासाठी, आणि लोकांच्या पोटासाठी इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या पट्ट्यातून, तांदळाची कणी आणली, गिरणीतला उरलेला माल. दोन-तीन पिढ्यांत त्या कणीचाच राष्ट्रीय पदार्थ झाला, थिएबुदिएन, मासे घालून केलेला भात, आता तर युनेस्कोच्या यादीत आहे. कणी आता येते कुठून? बरीचशी भारतातून. ८ सप्टेंबर २०२२ ला आपण कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, २० जुलै २०२३ ला साध्या पांढऱ्या तांदळावरही. आपलं कारण होतं, पाऊस कमी, देशातले भाव, समोर निवडणुका. जगातल्या तांदूळ व्यापाराचा साधारण ४० टक्के हिस्सा एकट्या भारताचा, त्यामुळे सेनेगलच्या डकारपासून बेनिनच्या कोतोनूपर्यंत बाजार हलला. मग त्या त्या देशाच्या सरकारने आपल्या सरकारला विनंती करायची आणि आपण कोटा द्यायचा, असं चाललं, सेनेगलला ५ लाख टन कणी अशीच मंजूर झाली. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, कणीवरची मार्च २०२५ मध्ये. आपण जे केलं ते आपल्या ग्राहकासाठी, सार्वभौम देशाने करायचं तेच. पण समोरच्याच्या ताटातली कणी किती हे दिल्लीत ठरलं हेही मान्य करा ना.

आणि आता तूर. २०१५ आठवतंय? तूरडाळ २०० रुपये किलो. २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकला गेले आणि करार झाला, पाच वर्षं त्यांच्याकडून तूर घेऊ, पहिल्या वर्षी १ लाख टन, वाढत वाढत २०२०-२१ ला २ लाख टन. उत्तर मोझांबिकमध्ये, झांबेझिया आणि नाम्पुला भागात, गावोगाव बातमी गेली की भारत तूर घेणार, पेरा. तिथे लोक तूर फारशी खात नाहीत, टांझानियाच्या किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवतात, मलावीत हिरव्या शेंगा खातात, मोझांबिकमध्ये मात्र ती बहुतेक विकायलाच. त्यांचा माल ऑगस्टपासून निघतो, आपल्या नव्या तुरीच्या आधी मुंबईला पोचतो, म्हणून व्यापाऱ्यांना तो हवा असतो. मार्केटमध्ये गजरी, अरुशा, मटवारा, मलावी रेड असे भाव फुटतात ना, ती हीच तूर.

झालं काय, तर २०१६-१७ ला आपल्याकडेच तुरीचं विक्रमी पीक आलं, हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली, खरेदी केंद्रावर बारदाना नाही, अकोला-लातूरच्या शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या रांगा. सरकारने ५ ऑगस्ट २०१७ ला तुरीची आयात वर्षाला २ लाख टनांवर मर्यादित केली. मोझांबिकचा सरकारी कोटा वगळला होता, पण गावात सायकलवर माल गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातात कोटा कुठून येणार? नेमका त्यांचा हंगाम सुरू होताना भाव आदल्या वर्षीच्या एका लहानशा हिश्श्यावर आला. टांझानिया आणि मलावीला तर कोटाही नव्हता. लोकांनी गोणी घरात ठेवल्या, भुंग्याने खाल्ल्या. पुढच्या हंगामात बऱ्याच जणांनी तूर सोडून तीळ लावला, कारण तीळ चीन घेत होता. २०२१ मध्ये आपण आयात पुन्हा खुली केली, त्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ, मोझांबिकचा करार वाढवला, मलावीशीही वर्षाला ५० हजार टनांचा केला, आणि आता लातूरचा शेतकरी ओरडतोय की आयातीने आमचा भाव पाडला. त्याचंही खरंच आहे. एकाच नोटिफिकेशनने आलटून पालटून दोन्हीकडचे शेतकरी मरतात, आणि मधल्या गोदामवाल्याला दोन्ही वेळा काहीतरी सुटतं. यावर उपाय काय तर आयातीचं धोरण किमान तीन वर्षांचं आधी जाहीर करा, पेरणीच्या आधी, इथेही आणि तिथेही लोकांना ठरवता येईल. हे मी दोन्हीकडच्या बैठकांत बोललोय, ऐकून सगळे माना डोलावतात.

मदतीच्या धान्याबद्दल एकच. २००२ मध्ये झांबियात टंचाई असताना अमेरिकेने जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेला, मका देऊ केला आणि राष्ट्राध्यक्ष म्वानावासा यांनी तो नाकारला, जगभर टीका झाली की लोक उपाशी आणि हे नखरे करतात. शेजाऱ्यांनी मध्यम मार्ग काढला, दळून द्या म्हणाले, म्हणजे कोणी पेरणार नाही. मला स्वतःला जीएमची एवढी भीती वाटत नाही, पण अख्खा दाणा गावात गेला की तो पेरला जाणारच, आणि मग परत घेता येत नाही, तेव्हा ठरवायचा हक्क झांबियाचाच होता. शिवाय अमेरिकन मदतीचं धान्य अमेरिकेतच घेऊन बरंचसं अमेरिकन जहाजातूनच पाठवायचं असा त्यांचा नियम, म्हणजे मदत आधी आयोवाच्या शेतकऱ्याला होते. २०२५ मध्ये यूएसएड, म्हणजे अमेरिकेची सरकारी मदत संस्था, गुंडाळलं तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत पर्यायी व्यवस्था कोणी उभीच केली नव्हती.

यात तिथली सरकारं सुटत नाहीत. २००३ मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुटोला, आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी मान्य केलं की बजेटचे १० टक्के शेतीला देऊ, २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मालाबोला पुन्हा तेच, आणि तो आकडा गाठणारे देश कोणत्याही वर्षी मोजकेच. शेतीचा संशोधक पगारावर नाही तर प्रोजेक्टवर जगत असेल तर तो प्रोजेक्टवाल्याचंच ऐकणार.

राहिला जमिनीचा प्रश्न. यूट्यूबवर ‘आफ्रिकेत एकर मातीमोल भावात’ टाइपचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात. बंगळुरूच्या करुतुरी कंपनीचं बघा, गुलाबाच्या फुलांतली मोठी कंपनी, इथिओपियाच्या गांबेला प्रांतात १ लाख हेक्टर घेतलं, ३ लाखांपर्यंत वाढवायची बोली, भाडं हेक्टरी वर्षाला डॉलर-सव्वा डॉलर. २०११ मध्ये बारो नदीचा पूर हजारो हेक्टर मका घेऊन गेला, स्थानिक लोक गावं हलवल्याबद्दल चिडलेले, आणि २०१५ च्या शेवटी सरकारने करारच रद्द केला. मादागास्करमध्ये २००८ ला कोरियाच्या देवू कंपनीला १३ लाख हेक्टर देणार अशी बातमी फुटली, लोक रस्त्यावर आले, बाकीही कारणं होती पण काही महिन्यांत राष्ट्राध्यक्ष गेले आणि करारही गेला. मोझांबिकच्या नकाला पट्ट्यात जपान आणि ब्राझीलने मिळून प्रोसावाना नावाचं प्रोजेक्ट काढलं, ब्राझीलच्या सेराडो माळरानासारखी सोयाबीनची शेती करू म्हणून, तर तिथल्या शेतकरी संघटनेने कित्येक वर्षं चिवटपणे विरोध केला आणि २०२० मध्ये ते गुंडाळलं. तिन्ही ठिकाणी नकाशावर ‘पडीक’ दाखवलेल्या जमिनीवर कोणाची ना कोणाची फिरती शेती होती, गुरं होती, सरपण होतं.

म्हणून माझा सल्ला, जमीन घेऊ नका. छोटी डाळमिल टाका, गावागावातून माल घ्या, डाळ तिथेच करा, चुणी-कोंडा तिथल्याच गुरांना आणि कोंबड्यांना जाईल, नोटिफिकेशन आलं तर अख्ख्या तुरीपेक्षा तयार डाळीला दुसरं गिऱ्हाईक शोधणं सोपं, दुबई, लंडन कुठेही. पहिले दोन हंगाम तर नुसती खरेदी करून बघा. आणि जमीनच हवी असा हट्ट असेल तर टांझानियात परदेशी माणसाला मालकी मिळत नाही हे धरून चाला, मोझांबिकमध्ये सगळी जमीन सरकारची, फक्त वापराचा हक्क मिळतो, त्याला डीयूएटी म्हणतात, आणि त्याआधी गावाशी सल्लामसलत सक्तीची आहे. त्या सल्लामसलतीचा कागद मागून घ्या, कोणाकोणाच्या सह्या आहेत बघा, बायकांच्या आहेत का बघा, कारण शेत त्याच करतात. सही एकट्या मुखियाची असेल तर तिथे एक रुपयासुद्धा टाकू नका.